नोट्सचं ॲप घेताना आधी बाहेर पडायची वाट तपासा

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांत आरत्यांची आणि भजनांची उजळणी सुरू होते. पूर्वी गाणाऱ्याच्या हातात वही असायची. आता पेटीवर मोबाइल टेकवलेला असतो आणि एका बोटाने अभंग पुढे सरकत असतो. जत्रेतल्या नाटकाची भाषणं फोनवरून पाठ होतात. शिक्षिकेचं पाठटाचण, कुळागरात पोफळींना बोर्डो कधी मारला ती तारीख, देवस्थानच्या बैठकीत काय ठरलं त्याचं टिपण, काजूच्या मोसमात कामाला आलेल्यांना किती उचल दिली तो हिशेब, सगळं फोनमध्ये गेलं आहे.

म्हणून एक प्रश्न सारखा कानावर येतो: ‘नोट्ससाठी कुठलं ॲप चांगलं?’ प्ले स्टोअरवर शोधलं तर न संपणारी यादी समोर येते. एक ॲप रंग दाखवतं, दुसरं कप्पे दाखवतं, आणि हल्ली प्रत्येक जण एआय दाखवतो. या गोष्टी मागाहून बघितल्या तरी चालतात. आधी एवढंच विचारावं: उद्या हे ॲप सोडायची वेळ आली, तर माझं सगळं लिखाण वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येईल का? पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे, कारण फोन बदलतात, ॲपं बदलतात, पण भजनाच्या चालीची खूण किंवा आजीने सांगितलेलं धालोचं गाणं आपल्याला पुढची वीस-तीस वर्षं हवं असतं.

## नोंद राहते कुठे?

स्क्रीनवर सगळी ॲपं सारखीच दिसतात, पण आत तीन वेगळ्या तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा: नोंद फक्त फोनमध्ये. काही फोनांत कंपनीने आधीच घालून दिलेलं नोट्स ॲप असतं, आणि खात्याने लॉग इन केलेलं नसेल तर ते असंच चालतं. फोन विहिरीत पडला की नोंदी गेल्या.

दुसरी तऱ्हा: नोंद क्लाउडवर. क्लाउड म्हणजे कंपनीने इंटरनेटवर चालवलेले मोठे संगणक. फोन, लॅपटॉप आणि क्लाउड या सगळ्यांतली प्रत सारखी ठेवण्याच्या कामाला सिंक म्हणतात. गूगल कीप, मायक्रोसॉफ्ट वननोट, ॲपलचं नोट्स, एव्हरनोट, नोशन ही सगळी या घरातली. फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉग इन केलं की नोंदी परत येतात. ही सोय फार मोठी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही.

तिसरी तऱ्हा: नोंद म्हणजे तुमच्याच फोल्डरमधली साधी फाइल. ॲप फक्त ती उघडून दाखवतं आणि बदलू देतं. ऑब्सिडियन असं चालतं. ते काढून टाकलं तरी लॅपटॉपवरच्या फायली जागच्या जागी राहतात आणि दुसऱ्या कुठल्याही लेखन-ॲपात उघडतात.

## घर तुमचं, भाट कुणाचं?

मुंडकार म्हणजे काय हे गोव्यात समजावून सांगायला नको. घर मुंडकाराचं, भाट भाटकाराचं. घर कितीही प्रेमाने सारवलं, अंगणात तुळस लावली, तरी खालची जमीन दुसऱ्याची. क्लाउडवरच्या नोंदींचं नातं असंच आहे. लिखाण तुमचं, पण ते ज्या जागेवर उभं आहे ती कंपनीची. मुंडकाराला निदान १९७५च्या कायद्याने घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण मिळालं. फुकट ॲप वापरणाऱ्याच्या हाती मात्र मुख्यतः त्या लांबलचक अटी असतात, ज्या आपण न वाचता ‘मान्य’ करतो आणि कंपनी पुढे बदलू शकते.

हे घडून गेलेलं आहे. २००८ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं एव्हरनोट अनेक वर्षं या क्षेत्रातलं ठळक नाव होतं. २०२३च्या सुरुवातीला ते बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांवर मर्यादा आली: ५० नोंदी आणि एक वही, म्हणजे नोंदींचा एकच कप्पा. जुन्या नोंदी कुणी काढून घेतल्या नाहीत. त्या वाचता येत होत्या, बाहेरही नेता येत होत्या. पण मर्यादेपलीकडे नवी नोंद करायची तर पैसे भरा. कंपनीला खर्च असतो, तिने पैसे मागितले यात मला गैर वाटत नाही. अडचण त्यांची झाली ज्यांनी हजारो नोंदी जमवल्या होत्या आणि बाहेर कसं पडायचं याचा कधी विचारच केला नव्हता.

## ‘मोठी कंपनी आहे, ती कशी बंद पडेल?’

कंपनी बंद पडत नाही, ॲप बंद होतं. गूगलने आपलं गूगल नोटबुक २०१२ साली बंद केलं आणि २०१३ साली कीप आणलं. मायक्रोसॉफ्टने वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं लोकप्रिय ॲप विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ‘वननोट फॉर विंडोज १०’ या आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि वापरणाऱ्यांना दुसऱ्या आवृत्तीवर जावं लागलं. स्किफ ही गोपनीयतेसाठी नावाजलेली सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशनने विकत घेतली आणि ती बंद करताना लोकांना सामान हलवायला सहा महिने दिले.

यातल्या कुणीही एका रात्रीत दार लावलं नाही. मुदत मिळाली. पण मुदतीची सूचना येते ईमेलवर, बहुधा इंग्रजीत, आणि आपल्याकडे कितीतरी जण फोन घेताना भाच्याने उघडून दिलेला ईमेल पुन्हा कधी बघतही नाहीत.

## बाहेरची वाट कशी तपासायची

बाहेरच्या वाटेचं नाव एक्सपोर्ट. म्हणजे ॲपमधलं लिखाण फायलींच्या रूपात काढून घेणं. जवळजवळ प्रत्येक ॲप ‘एक्सपोर्ट आहे’ असं सांगतं, म्हणून कुठल्या रूपात मिळतं ते बघायचं.

पीडीएफ मिळाली तर वाचायला आणि छापायला उत्तम, पण तिच्यात पुढे दुरुस्ती करणं जिकिरीचं. एव्हरनोट एनेक्स नावाच्या फायली देतं. त्या थेट वाचायच्या नसतात, दुसऱ्या ॲपात भरायच्या असतात, आणि ती सोय बऱ्याच ॲपांत आहे. कीपमधलं सगळं गूगल टेकआउट या सेवेतून एकदम काढता येतं. मिळणाऱ्या फायली कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात. वननोटचा सगळा संग्रह फोनवरून बाहेर काढणं अवघड आहे, त्यासाठी संगणक लागतो. ॲपलच्या नोट्समध्ये २०२५च्या आवृत्तीपासून मार्कडाउनमध्ये बाहेर काढायची सोय आली आहे.

मार्कडाउन ही जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेली लिहिण्याची पद्धत आहे. फाइल साध्या अक्षरांचीच असते. ओळीच्या आधी # टाकला की मथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे टाकले की ठळक अक्षर. ॲप नसलं तरी डोळ्यांनी वाचता येतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या संगणकावरची साधी मजकूर-फाइलही आज उघडता येते, पण वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या खास सॉफ्टवेअरची फाइल उघडेल याची खात्री नसते. म्हणून टिकवायचं लिखाण साध्या अक्षरांत ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

ॲप आवडलं की पहिल्याच दिवशी त्यात आठ-दहा नोंदी करा. एकीत फोटो घाला, एकीत यादी, एकीत लांब अभंग. लगेच एक्सपोर्ट करा आणि मिळालेली फाइल दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर उघडा. मराठी अक्षरं नीट दिसली, फोटो आला, तारखा राहिल्या, तर पुढे जा. नाही जमलं तर दहा नोंदींवरच सुटका झाली.

## मराठीत शोधून बघा

ॲपांची तुलना करणाऱ्या इंग्रजी लेखांत हा मुद्दा सहसा येत नाही, आणि आपल्याला सगळ्यांत जास्त तोच नडतो.

संगणक अक्षर ओळखतो ते त्याला दिलेल्या क्रमांकावरून. जगातल्या सगळ्या लिप्यांना असे क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. देवनागरीत काही अक्षरं दिसायला एकच, पण लिहायच्या रीती दोन. ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक ‘अ’ला वरची अर्धचंद्राची खूण जोडून तेच अक्षर काढत, आणि काही कीबोर्ड अजून तसंच काढतात. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र सुद्धा दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधणाऱ्या ॲपला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तुम्ही लॅपटॉपवर ‘पायऱ्या’ लिहिलं, फोनवर ‘पायऱ्या’ शोधलं, आणि उत्तर आलं: काही सापडलं नाही. नोंद तिथेच असते. आपल्याला वाटतं हरवली.

म्हणून चाचणीच्या नोंदींत असे शब्द मुद्दाम घाला. एका उपकरणावर लिहा, दुसऱ्यावर शोधा. ॲपला जमत नसेल तर शोधताना हे अक्षर टाळून शेजारचा शब्द टाका, किंवा नोंदीच्या मथळ्यात एक सोपा शब्द ठेवा.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. आपण दिवसभरात मराठी, कोंकणी, इंग्रजी मिसळून लिहितो, आणि घाईत रोमी अक्षरांतही. ‘काजू’ आणि ‘kaju’ हे शोधणाऱ्याला दोन वेगळे शब्द. निदान मथळा तरी कायम एकाच लिपीत लिहायची सवय लावून घ्यावी. टंकायचा कंटाळा असेल तर गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं. बोललेलं नंतर वाचून बघावं लागतं, विशेषतः माणसांची आणि गावांची नावं.

## रेंज नसताना

चोर्ला घाट चढताना किंवा सत्तरीतल्या आतल्या वाड्यावर रेंज जाते. मिरगाच्या पहिल्या पावसात वीज गेली की घरचं वायफायही जातं. तेव्हा ॲप उघडतं का, हे फोन विमान-मोडवर टाकून दोन मिनिटांत कळतं. कीप, ॲपलचं नोट्स आणि फायलींवर चालणारी ॲपं फोनवर रेंजशिवाय चालतात. नोशनमध्ये ही सोय ऑगस्ट २०२५ मध्ये आली, आणि फुकट वापरणाऱ्याला हवं ते पान आधीच ऑफलाइनसाठी निवडून ठेवावं लागतं. देवळात गायला बसल्यावर ते आठवून उपयोग नाही.

रेंज नसताना तीच नोंद फोनवर एकाने आणि टॅबवर दुसऱ्याने बदलली, तर रेंज आल्यावर ॲपसमोर दोन प्रती उभ्या राहतात. चांगलं ॲप दोन्ही ठेवतं आणि तुम्हाला निवडू देतं. एकच हिशेब दोघांनी लिहायचा असेल तर हे नक्की तपासा.

## ‘डिलीट झालं तरी क्लाउडवर असेलच ना?’

नसतं. सिंकचं काम सगळीकडची प्रत सारखी ठेवणं, त्यामुळे तुम्ही फोनवर पुसलं की ते सगळीकडून पुसलं जातं. कीपच्या कचरापेटीत नोंद सात दिवस राहते, ॲपलच्या नोट्समध्ये आणि नोशनमध्ये साधारण तीस दिवस. त्यानंतर ती परत मिळत नाही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एक्सपोर्ट करून ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवावी. बॅकअप त्याला म्हणायचं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन वर्षं न वापरलेली खाजगी खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ साली लागू केलं. भजनी मंडळातल्या एखाद्या बुवांनी आयुष्यभर जमवलेली पदं त्यांच्या खात्यात आहेत आणि बुवा गेले, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अशी वेळ आली तर? गूगलच्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे तिथे आधीच नोंदवता येतं. घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसून हे एकदा करून द्या. आणि मंडळाची पदं एकाच माणसाच्या फोनवर राहू देऊ नका.

## ‘माझ्या नोंदींत चोरण्यासारखं काय आहे?’

बहुतेक नोंदींत काही नसतं, हे खरं. मग एखाद्या नोंदीत एटीएमचा पिन सापडतो, दुसरीत आधारचा फोटो, तिसरीत आईच्या आजाराचे कागद. कीप, एव्हरनोट, नोशन यांवरच्या नोंदी रस्त्यातल्या चोराला वाचता येत नाहीत, पण किल्ली कंपनीकडेही असते. ज्यात किल्ली फक्त तुमच्याकडे राहते त्या पद्धतीला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. स्टँडर्ड नोट्स नावाच्या ॲपमध्ये ते मुळापासून आहे, जोप्लिन या ॲपमध्ये चालू करता येतं, ॲपलच्या नोट्समध्ये कुलूप लावलेल्या नोंदींना मिळतं. याची किंमतही आहे: पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही.

पिन आणि पासवर्ड कुठल्याच नोट्स ॲपात ठेवू नयेत. पासवर्डसाठी वेगळी ॲपं आहेत, आणि लायसन्स, आधार अशा कागदांसाठी सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे.

## ‘व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो, ते पुरत नाही?’

२०२२च्या शेवटी व्हॉट्सॲपने स्वतःला मेसेज पाठवायची सोय दिली, आणि बाजारहाटाच्या यादीला ती पुरते. पण पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही. अभंगाच्या तिसऱ्या कडव्यातली चूक आठवड्याने लक्षात आली की पूर्ण अभंग पुन्हा पाठवावा लागतो, आणि दोन प्रतींतली बरोबर कुठली हे वर्षाने कुणाला आठवणार? पटकन टिपायला व्हॉट्सॲप ठीक, पण टिकवायचं तिथून उचलून दुसरीकडे न्यावं.

## ‘मग वहीच काय वाईट?’

काही वाईट नाही. पाठ करायचं असेल, चाल बसवायची असेल, तर मी आजही हाताने लिहावं असंच सांगेन. वहीला गोव्याच्या पावसात बुरशी येते आणि वाळवी लागते, तेवढं सांभाळावं. पानांचे फोटो काढून ठेवले तर दोन्हीचा फायदा मिळतो. छापील देवनागरी गूगल लेन्स फोटोतून वाचून देतं. हाताच्या अक्षरावर मात्र भरवसा ठेवू नये, ते बसून टंकावंच लागतं.

## मग कुणी काय घ्यावं

ॲन्ड्रॉइड फोन आहे आणि किरकोळ याद्या, आठवणी, तारखा टिपायच्या आहेत, तर कीप पुरे. नवं काही शोधू नका. घरात सगळेच आयफोन-मॅक वापरत असतील तर ॲपलचं नोट्स उत्तम आहे, पण ॲन्ड्रॉइडसाठी त्याचं ॲप नाही, हे मुलांचे फोन बदलायच्या आधी लक्षात घ्यावं. कॉलेजातल्या मुलांना टॅबवर पेनने लिहायचं असतं, वर्गातल्या स्लाइडवर खुणा करायच्या असतात. त्यांना वननोट सोयीचं पडतं. नाट्यमंडळाला तालमीचं वेळापत्रक, सामानाची यादी आणि संहिता चार जणांनी मिळून सांभाळायची असेल तर नोशन सोयीचं, मात्र संहितेची एक प्रत बाहेर ठेवावी.

वर्षानुवर्षं जपायचं असेल, म्हणजे गाणी, गावाचा इतिहास, बागायतीच्या नोंदी, शिकवण्याचं साहित्य, तर मी ऑब्सिडियन किंवा जोप्लिन सुचवेन. ऑब्सिडियन फुकट आहे, उपकरणांत सिंक करून देणाऱ्या त्यांच्या सेवेला पैसे पडतात. जोप्लिन मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, ते ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह अशा क्लाउड-सेवेतून सिंक होतं आणि मार्कडाउनमध्ये बाहेर पडता येतं. दोन्ही सुरुवातीला थोडी रुक्ष वाटतात. एखादा शनिवार त्यांना द्यावा लागतो. कीपमध्ये पटकन टिपायचं आणि टिकण्याजोगं ते आठवड्याने इथे आणायचं, ही जोडी बहुतेकांना झेपते.

## आधीच्या नोंदींचं काय

सगळ्या एकदम हलवायला बसू नका, अर्ध्यावर कंटाळा येतो. जुन्या ॲपमधून आज एक पूर्ण एक्सपोर्ट काढा, फोल्डरला तारखेचं नाव द्या आणि ठेवून द्या. मग ज्या नोंदीची गरज पडेल तेवढी नव्या जागी आणा.

एका प्रकारच्या जुन्या फायलींकडे मात्र मुद्दाम बसावं लागेल. छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेली भजनं आणि नाटकं अनेक मंडळांकडे आहेत. हे फॉन्ट युनिकोडचे नाहीत, त्यामुळे तो मजकूर नोट्स ॲपात चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात आणि काहीच शोधता येत नाही. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात. कुठला फॉन्ट होता ते आधी विचारून घ्या, कारण प्रत्येक फॉन्टाला वेगळं रूपांतर लागतं. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी, क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरं असलेले शब्द मूळ कागदाशी ताडून वाचा. चुका तिथेच जास्त राहतात, आणि मूळ फाइलही पुसून टाकू नका.